विश्लेषण : गाडीचे दिवे बदलले तर वॉरंटी जाते का? कायदा नेमकी कशाला हरकत घेतो?

रात्री घाटात समोरच्या गाडीच्या पांढऱ्याफेक झोताने डोळे दिपले नाहीत, असा चालक सापडणे आता कठीण आहे. त्या झोताला शिव्या देणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या गाडीतही तसेच एलईडी बल्ब बसवून घेतलेले असतात, हा भाग वेगळा. ‘वायर कापत नाही, कपलर टू कपलर आहे, वॉरंटी सेफ,’ असे ॲक्सेसरीजच्या दुकानात हमखास सांगितले जाते. सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर मात्र ‘बाहेरून लाइट बदलली आहे, वॉरंटी गेली,’ असे ऐकावे लागते. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. त्यात कायद्याचा प्रश्न वेगळा, वॉरंटीचा वेगळा आणि विम्याचा आणखी वेगळा आहे.

दिवे बदलावेसे का वाटतात?

हौस हे एक कारण, पण एकमेव नाही. बहुतेक मॉडेलच्या स्वस्त व्हेरिएंटमध्ये हॅलोजन बल्ब आणि महाग व्हेरिएंटमध्ये एलईडी किंवा प्रोजेक्टर असतो. पथदिवे नाहीत, रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसलेले, कडेला साइडपट्टी खचलेली अशा राज्य मार्गावर पावसाळी रात्री हॅलोजनचा पिवळा उजेड अपुरा पडतो, ही तक्रार खरी आहे. ती खोटी ठरवून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

बल्ब बदलल्याने बिघडते काय?

हेडलाइट म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्ब, मागचा रिफ्लेक्टर आणि पुढची काच यांचा तो एकत्रित संच असतो आणि त्याची चाचणीही एकत्रच होते. आपल्याकडील असंख्य मोटारींत एच-४ प्रकारचा ६०/५५ वॉटचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात. लो-बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडून वर उसळणारा उजेड ही वाटी अडवते. त्यामुळे समोरच्या भिंतीवर झोत पाडला तर त्याची वरची कड रेघ ओढल्यासारखी दिसते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही रेघ डावीकडे थोडी वर चढते. तिथे पादचारी आणि रस्त्याची कड दिसावी आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये, अशी ती रचना आहे.

त्याच खोबणीत एलईडी बल्ब बसवला की उजेड निघण्याची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. रिफ्लेक्टर त्या बदललेल्या जागेसाठी घडवलेला नसतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही झोत विस्कटायला पुरतो. गाडीच्या जवळचा रस्ता झगझगीत दिसतो, म्हणून चालकाला समाधान वाटते. लांबचा उजेड मात्र अनेकदा कमीच होतो आणि उरलेला समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मूळ एच-४ बल्बचा लो-बीम साधारण १,००० ल्युमेनचा असतो. बाजारातल्या खोक्यांवर २० हजार ल्युमेनचे आकडे छापलेले दिसतात. त्यांवर विश्वास ठेवू नये, आणि खरे असतील तर मुळीच बसवू नयेत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. डोळे दोन सेकंद दिपले, तर चालक ३३ मीटर जवळजवळ आंधळेपणाने गेलेला असतो.

१००/९० वॉटचे हॅलोजन बल्ब हा जुना उपाय. त्यात झोत कमी विस्कटतो, पण मूळ बल्बच्या लो-बीमला १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर लागत असतील, तर याला साडेसात लागतात. ५५ वॉटसाठी आखलेली वायर, कपलर आणि स्विच तापतात, रिफ्लेक्टर काळवंडतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सर्वांना ठाऊक असते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला आणि उत्पादकाची मूळ रचना बदलता येणार नाही, असे स्पष्ट केले.

इथे एक पळवाट सुचवली जाते. आरसी बुकात इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, रंग, आसनसंख्या असते. हेडलाइटचा उल्लेख नसतो. मग कलम ५२ दिव्यांना लागू कसे? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण दिव्यांसाठी कलम ५२ पर्यंत जाण्याची गरजच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम आहेत. नियम १०६ तर चक्क मोजमाप देतो : दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला दिपवणार नाही, असा झोत खाली वळलेला हवा. नियम १०८ पुढच्या बाजूला लाल दिव्याला मनाई करतो आणि लाल, निळ्या दिव्यांचा वापर ठरावीक वाहनांपुरता ठेवतो. नियम १११ पुढे स्पॉटलाइट, सर्चलाइट लावण्यास बंदी घालतो. अपवादासाठी नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. जीपच्या टपावरची उजेडाची पट्टी इथे अडकते.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. तो बंद करता यावा म्हणून स्विच बसवून घेणे हाही बदलच आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने वाढली. नव्या कलम १८२ए (४) नुसार कायदा किंवा नियमांत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. हेडलाइट, लुकलुकणारा ब्रेक लाइट आणि ग्रिलमधली निळी पट्टी असे तीन बदल धरले, तर हिशेब १५ हजारांवर जातो. तडजोड शुल्क राज्ये ठरवतात, त्यामुळे रस्त्यावरच्या चलनाची रक्कम वेगळी असू शकते. याशिवाय रस्ता सुरक्षेचे निकष मोडणारे वाहन चालवल्याबद्दल कलम १९०(२) लागले, तर पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरू शकतो.

कारवाई कोणावर होते?

केरळमध्ये ५ ऑक्टोबर २०२२ रोजी वडक्कनचेरी येथे सहलीच्या बसने एसटी बसला मागून धडक दिली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. त्या अपघातात वेग हा मुख्य मुद्दा होता. पण उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा सहलीच्या बसवरील झगमगते दिवेही चर्चेत आले आणि प्रत्येक बदलामागे पाच हजारांच्या दंडाचा आग्रह न्यायालयाने धरला. आपल्याकडे मोहिमा निघतात, चार दिवस बल्ब काढले जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा बसतात.

यात एक विसंगती आहे. पावती फाडली जाते ती मालकाची. वाहन विक्रेत्याने निकष मोडणारा बदल करून गाडी विकल्यास त्याच कलमात प्रत्येक वाहनामागे एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे, पण चौकातल्या दुकानात खुलेआम बल्ब विकणारा या तरतुदींच्या कचाट्यात सहसा येत नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना रस्त्यावर वापराची मान्यता मिळू लागली, पण ती सरसकट नव्हे. अमुक बल्ब, अमुक मॉडेलच्या अमुक हेडलाइटमध्ये, अशी यादी असते. आपल्याकडे सीएनजी किटसाठी मान्यतेची रीतसर पद्धत आहे. बल्ब घ्यायला गेलेल्या ग्राहकाच्या हाती मात्र अशी यादी नसते.

वॉरंटी पूर्ण जाते का?

वॉरंटी हा करार आहे आणि त्याच्या अटी गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत असतात. अनधिकृत बदल किंवा कंपनीची मान्यता नसलेल्या ॲक्सेसरीजमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असे कलम बहुतेक पुस्तिकांत आढळते. ‘मुळे’ या प्रत्ययावर सारे अवलंबून आहे. हेडलाइट बदलली आणि पुढे क्लच गेला, तर दोन्हींचा संबंध लावणे अवघड. पण कॉम्बिनेशन स्विच वितळला, वायरिंग हार्नेस जळाला, दिवे सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक मोड्यूल निकामी झाले किंवा बॅटरी वारंवार उतरू लागली, तर कंपनी बोट दाखवणारच.

‘कपलर टू कपलर’ या आश्वासनाची मर्यादा इथे कळते. वायर कापली नाही तरी विजेचा भार बदलतो. एलईडी कमी वीज घेतो, म्हणून नव्या गाड्यांची यंत्रणा बल्ब उडाला असे समजून चूक दाखवते. इंडिकेटर तर दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो. ते टाळण्यासाठी दुकानदार रेझिस्टर जोडतो, आणि तो चांगलाच तापतो. एलईडीच्या मागचा पंखा मावावा म्हणून हेडलाइटचे रबरी झाकण कापले जाते. पहिल्याच पावसात आत बाष्प धरते. मग हेडलाइटचा दावा फेटाळला गेला, तर कंपनीला दोष देता येत नाही.

मात्र ‘लाइट बदलली म्हणजे सगळी वॉरंटी रद्द’ हे सर्व्हिस सेंटरचे सरसकट उत्तरही मुकाट्याने मान्य करण्याची गरज नाही. अमेरिकेत १९७५ पासून ग्राहकाला याबाबत संरक्षण देणारा खास कायदा आहे. समाजमाध्यमांवरील सल्ले बऱ्याचदा त्याच्याच आधारे दिलेले असतात आणि तो इथे लागू नाही. पण भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुट्या भागांच्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला, त्या आदेशातील एक निर्देश इथे उपयोगी आहे. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने म्हटले. हा निर्देश दुरुस्तीबाबत होता, हौशी बदलांबाबत नव्हता. आदेशावर अपिलेही झाली आणि काही कंपन्यांचा दंड घटला. तरीही बिघाड आणि बदल यांचा संबंध दाखवा, असा आग्रह धरण्यासाठी तो आधार आहे.

नवी गाडी ताब्यात घेताना शोरूममध्येच बसवलेल्या दिव्यांबाबत अधिक सावध राहावे. शोरूममध्ये बसवले म्हणजे ती कंपनीची ॲक्सेसरी असतेच असे नाही. बिलावर कंपनीचा पार्ट नंबर आहे का, ते पाहावे.

विम्याचे काय?

गाडीच्या मूळ किमतीत नसलेली विद्युत उपकरणे स्वतंत्र जाहीर करून त्यांच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता भरण्याची सोय पॉलिसीत असते. ती न केल्यास अपघातात त्या दिव्यांची भरपाई मिळत नाही. पण जाहीर केल्याने बेकायदा दिवा कायदेशीर होत नाही. गाडी शॉर्टसर्किटने जळाली, तर सर्व्हेअर आधी बाहेरून केलेले वायरिंग शोधतो, आणि दावा अडतो तो तिथेच.

मग उजेड वाढवायचा कसा?

डॅशबोर्डवर हेडलाइटची उंची ठरवणारी ० ते ३ अशी छोटी चकती अनेक मोटारींत असते. मागे माणसे आणि सामान भरले की गाडीचे नाक वर होते. तेव्हा ही चकती फिरवायची असते. पिवळी पडलेली काच पॉलिश करणे, अर्थिंग तपासून बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळते का ते पाहणे, त्याच वॉटचा प्रमाणित चांगला हॅलोजन घेणे, झोताची दिशा लावून घेणे यात कायदा आड येत नाही. कंपनीच्या यादीतील फॉगलॅम्प अधिकृत केंद्रात बसवणे हाही सरळ मार्ग. वरच्या व्हेरिएंटचा पूर्ण एलईडी संच बसवता येतो, पण कनेक्टर आणि सॉफ्टवेअर वेगळे असू शकते. अधिकृत केंद्र तो स्वतः बसवून तसे बिलावर लिहून देत असेल, तरच त्यात पडावे.

वॉरंटीचा दावा नाकारला गेला, तर कोणता भाग, कोणते कारण आणि पुस्तिकेतील कोणती अट, हे जॉबकार्डवर लिहून मागावे. तोंडी नकाराला पुढे किंमत नसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि गरज पडल्यास आयोग सदोष भाग प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो. म्हणून जळालेला कपलर सर्व्हिस सेंटरच्या भंगारात जाऊ देऊ नये.