रामघाट दारात, निबंध ताजमहालावर

गेले पंधरा दिवस आपल्या समूहात शाळेच्या आठवणींना पूर आलाय. कुणी रेन अँड मार्टिनची धडेच्या धडे घोकली, कुणी टेन्स चुकला म्हणून हातावर पट्टी खाल्ली. वाचायला गोड वाटतं. मी मात्र आज जरा कडू लिहिणार आहे. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी साधा बी.कॉम. माणूस. उभी नोकरी बँकेत गेली, साहित्याशी संबंध वाचण्यापुरता. पण निवृत्तीनंतर आजूबाजूची नववी ते बारावीची मुलं इंग्रजीच्या वह्या घेऊन येतात आणि त्या वह्या वाचून माझं डोकं फिरतं. ‘ऐतिहासिक स्थळाला भेट’ या विषयावरचे चार निबंध पाहिले. चारही ताजमहालावर. चारही जण पौर्णिमेच्या रात्री गेलेले, चौघांनाही संगमरवर बघून शब्द सुचेनात. त्यातल्या दोघांनी आग्रा अजून पाहिलेलंसुद्धा नाही! मी विचारलं, अरे बाबांनो, महाकाल आहे, हरसिद्धीच्या दोन दीपमाळा आहेत, रामघाट घरापासून दहा मिनिटांवर आहे, त्यावर का नाही लिहिलं? उत्तर आलं, "आजोबा, गाइडमध्ये ताजमहालच आहे."

रामघाटावर लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. उन्हाळ्यात तिथे जे पाणी आपण शिप्रा म्हणून डोळ्यांना लावतो, त्यात नर्मदेचंही पाणी असतं. 2014 साली नळ टाकून नर्मदा शिप्रेत आणली, 2016 चा सिंहस्थ त्यावर पार पडला. पावसाळ्यात हीच नदी घाटावरची देवळं बुडवते. पलीकडे दत्त अखाडा. इकडे पंडे त्यांच्या वह्या घेऊन बसलेले. आपल्यापैकी किती जणांच्या पणजोबांची नावं त्या वह्यांत आहेत! कोण आलं, कुठल्या गावाहून, कोणाबरोबर, कशासाठी, कोणत्या तिथीला. चार ओळींत सगळं. एक विशेषण नाही. लेखनाचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही, आणि तो शिकायला फीसुद्धा लागत नाही. (दक्षिणा लागते, ती गोष्ट वेगळी.)

आता बँकेचं सांगतो, कारण ते मला कळतं. शिकलेसवरलेले लोक दोन-दोन पानी इंग्रजी अर्ज आणून द्यायचे. सुरुवात ‘सविनय निवेदन’च्या इंग्रजी अवताराने, शेवट ‘आपला सदैव आभारी’ने. मधे तक्रार काय ती शोधावी लागायची आणि खाते क्रमांक नसायचाच. उलट एकदा तराण्याकडचा एक शेतकरी काउंटरपाशी उभा राहून माळवीत बोलला : विहीर खोदली, पाणी लागलं, मोटर हवी, गहू निघाला की फेडीन. मी तेच चार वाक्यांत उतरवलं, प्रस्ताव मंजूर झाला. नवे अधिकारी, इंग्रजीत भरघोस मार्क घेऊन आलेले, कर्जाच्या टिपणात ‘हे कर्ज का द्यावं’ हे एवढं स्वतःच्या शब्दांत लिहिताना घामाघूम व्हायचे. त्यांना शब्द येत होते. वाक्य कधी स्वतः करायची वेळच आली नव्हती.

साहित्याचीही तीच गत. सीबीएसईच्या बारावीच्या ‘फ्लेमिंगो’ पुस्तकात पहिलाच धडा आहे ‘द लास्ट लेसन’, आल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाचा. 1870-71 च्या युद्धात फ्रान्स हरला, अल्सासच्या शाळेत दुसऱ्या दिवसापासून जर्मन शिकवायची असा हुकूम आला आणि अभ्यासाचा कंटाळा असलेल्या फ्रान्झ नावाच्या मुलाला त्या दिवशी उमगलं की आपल्याला आपली भाषा धड लिहिता येत नाही. शेजारची एक मुलगी हा धडा घेऊन आली. मातृभाषेचं महत्त्व, पाच मुद्दे, तोंडपाठ. मी तिला इतकंच विचारलं, "तुझ्या पणजीची पत्रं तुमच्या ट्रंकेत आहेत ना? वाचता येतात तुला?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, म्हणजे मी फ्रान्झच आहे."

मंडळी, साहित्य शिकवणं म्हणतात ते याला! पोरीने सराव परीक्षेत तेच लिहिलं. फ्रान्झ, ट्रंक, पणजीचं अक्षर, सगळं साध्या बिनचूक इंग्रजीत. पाचांपैकी दोन मार्क मिळाले आणि समासात शेरा : मुद्द्याला धरून लिहावे.

शाळेचं नाव घेत नाही. कारण माझं भांडण शाळेशी कमी आणि आपल्याशी जास्त आहे. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील माझ्याकडे आले. "काका, तुम्ही मोठे आहात, राग मानू नका, पण तिचे मार्क बिघडवू नका. बोर्डाचं वर्ष आहे. साहित्य नंतर आयुष्यभर आहेच की." माणूस सज्जन, मुलीसाठी राबणारा. त्यांची भीती खोटी नाही, एकेका मार्कावर प्रवेश अडतात. पण बोर्डाच्या गुणदान तक्त्यातसुद्धा ठरीव मुद्द्यांखाली ‘अन्य कोणताही योग्य मुद्दा’ अशी सोय असते. 2020 चं शैक्षणिक धोरणही घोकंपट्टी कमी करा म्हणूनच ओरडतंय. दार उघडं असताना आपणच आतून कडी घालतो. पालकसभेत आपण काय विचारतो? "सर, नोट्स देता ना?" एखाद्या शिक्षकाने नोट्स दिल्या नाहीत तर मुख्याध्यापकांकडे तक्रार करणारेही आपणच.

शिक्षकांची बाजूही मांडतो. वर्गात पन्नास मुलं धरा. एका निबंधाला दहा मिनिटं दिली तरी पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त, तेही एकाच वर्गाचे. हा हिशोब जमणारा नाही. म्हणून सगळे सोपी वाट धरतात : फळ्यावर एक निबंध, पन्नास वह्यांत पन्नास नकला, तपासायला लाल टिक पुरते. पण दर आठवड्याला दहाच वह्या नीट वाचल्या आणि बाकीच्यांनी आपलं लिखाण शेजारच्याला वाचून दाखवलं, तर पाच आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. बँकेत आम्ही नमुना तपासणी अशीच करत होतो.

आणि आपण कुठल्या गावचे, हे तरी आठवा. 1943 च्या ‘तार सप्तक’मध्ये हिंदीचे सात कवी, त्यातले दोन मराठी घरचे. गजानन माधव मुक्तिबोध, ज्यांचं काही शिक्षण याच उज्जैनात झालं, आणि प्रभाकर माचवे, जे इथल्या माधव कॉलेजात शिकवायचे. माचवे मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत लिहायचे. मुक्तिबोध हिंदीत लिहीत आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. पुण्यतिथीला त्यांचे फोटो आपण या समूहात हौसेने टाकतो, खाली शंभर जण हात जोडतात. त्याच घरातली मुलं संध्याकाळी ताजमहाल पाठ करत असतात.

मराठी की इंग्रजी हा वाद मला घालायचाच नाही, इंग्रजी हवीच. डोळ्यांनी पाहिलेलं, मनाला लागलेलं ज्याला एका भाषेत सांगता येतं, त्याला ते दुसरीतही सांगता येतं. ज्याला फक्त नक्कल येते, त्याची तिन्ही भाषांत नक्कलच होते.

म्हणून कळवतो. येत्या रविवारपासून सकाळी सात वाजता मी रामघाटाच्या पायऱ्यांवर बसेन. नववी ते बारावीची मुलं पाठवा. वही आणि पेन आणायचं, गाइड आणि मोबाइल घरी. अर्धा तास बघायचं, पंधरा ओळी इंग्रजीत लिहायच्या, मग एकमेकांना वाचून दाखवायच्या. ‘ब्युटिफुल’ हा शब्द वापरला तर पोह्यांचे पैसे त्याने द्यायचे. ती शेजारची मुलगी येणार आहे. तिच्या वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण घाटापर्यंत सोडायला तेच येतील असं ती म्हणते.