जमिनीतला गारवा आणि आपली गरज



माझ्या नणंदेची मुलगी अमेरिकेत मिशिगनला असते. मागच्या दिवाळीत ती सांगलीला आली, तेव्हा आमच्या नव्या घराचा पाया खणणं चालू होतं. म्हणाली, "मामी, एसी कशाला? आमच्यासारखं जमिनीतूनच गार करा ना घर!"

त्यांच्या अंगणात खोल बोअर मारून नळ्या सोडल्या आहेत. त्यांतून तेच ते पाणी फिरत राहतं, जमिनीतलं पाणी उपसत नाहीत. तिथे 30 फुटांखाली जमीन बारा महिने 10 अंशांच्या आसपास असते. बाहेर बर्फ पडत असताना नळ्यांतलं पाणी जमिनीतली ऊब वर आणतं, उन्हाळ्यात घरातली उष्णता खाली नेऊन सोडतं. यंत्र उष्णता तयार करत नाही, फक्त इकडची तिकडे करतं. म्हणून एका युनिट विजेत तीन-चार युनिटांइतकी ऊब मिळते आणि घरात काहीच जाळावं लागत नाही. मला हे फार आवडलं.

सासूबाईंना नाही आवडलं. "इतकं खोल खणायचं? पृथ्वीकायिक जीवांचं काय?"

मी म्हटलं, "आई, एसीची वीज बहुतेक कोळशाचीच. ती खाण रोज खणतात, तो अग्नी रोज पेटतो. बोअर एकदाच मारायची." त्या गप्प बसल्या. पण त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून चौकशी केली.

आपल्याकडे खालची जमीन साधारण 25 ते 27 अंशांवर असते. एप्रिलात बाहेर 40 अंश असताना तिच्यात उष्णता सोडणं सोपं जातं, वीजही वाचते. पण मिशिगनची जमीन उन्हाळ्यात घेतलेली ऊब हिवाळ्यात परत देते. आपल्याला हिवाळ्यात घर तापवावं लागत नाही. म्हणजे आपण जमिनीला नुसतं देतच राहणार आणि बोअरभोवतीची माती वर्षागणिक तापत जाणार. लहान प्लॉटवर तर हे लवकर जाणवेल. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात एका टनामागे 150 ते 200 फूट बोअर, तीही तीन महिन्यांच्या उकाड्यासाठी!

माझं मत स्पष्ट सांगते. जिथे थंडी कडक आहे, तिथल्या आपल्या लेकी-सुनांनी हे यंत्र जरूर घालावं. इथल्या बंगल्यांत मात्र आधी सावली, मग यंत्र. आम्ही पश्चिमेच्या खिडक्या कमी केल्या, गच्चीला पांढरा चुना दिला, एसी एकाच खोलीत ठेवला.

खणायचंच असेल तर अनेकांसाठी खणावं. गुडगावजवळ ग्वाल पहाडीला टेरी संस्थेच्या संकुलात चार मीटर खोल बोगद्यांतून हवा फिरवून खोल्या गार ठेवण्याची सोय केली आहे. आपल्या एखाद्या वसतिगृहाला, धर्मशाळेला असं काही करायचं ठरलं तर मी पहिली वर्गणी देईन.

गरजेपोटी होणारा आरंभ गृहस्थाला चुकत नाही. पण गरज न तपासता केलेला आरंभ अनर्थदंडच, यंत्र कितीही निर्मळ असो. पश्चिमेला लावलेला कडुनिंब अजून गुडघ्याएवढाच आहे. सासूबाई रोज त्याला पाणी घालतात. तुमच्या घरी उन्हाळ्याचं काय करता? नक्की कळवा.