बाबासाहेब पेटीत, आपण खोलीत



दिवाळीची सुट्टी आली की होस्टेलवर नोटीस लागते. मेस बंद, पाणी बंद, विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी जावे. आपापल्या घरी! ही नोटीस टाइप करणाऱ्या बाबूला वाटतं, प्रत्येकाला गावाकडं एक घर असतं आणि सुट्टीत त्या घरात माणसं असतात. माझ्या घरात दिवाळीला माणसं नसतात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या बौद्धवाड्यात त्या दिवसांत निम्म्या दारांना कड्या असतात. म्हातारीकोतारी आणि शाळेतली लेकरं तेवढी मागं. बाकीचा बौद्धवाडा कोल्हापूर-सांगलीच्या फडात ऊस तोडतो. मुकादमाची उचल पावसाळ्यातच पोटात गेलेली असते. ती फेडायला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतात. हिशेबाच्या वहीत दोन जिवंत माणसांचं नाव एक कोयता!

२०२३ ची गोष्ट सांगतो. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं आणि उसाचं गाळप त्याआधीच सुरू झालं होतं. माय आणि बा फडावर गेले होते. मी पुण्यात. एम.ए.ला प्रवेश मिळाला होता, पण होस्टेलच्या यादीत नाव नव्हतं. म्हणून दोस्ताच्या खोलीत 'पॅरासाइट' होऊन पडलो होतो. हा शब्द आमचा नाही, होस्टेलचा आहे. यादीत नाव नसलेल्या पोराला तिथं हेच म्हणतात. होस्टेलला कुलूप लागलं तेव्हा यादीतली पोरं घरी गेली आणि पॅरासाइट पत्र्याची पेटी घेऊन रस्त्यावर आला.

सरकार म्हणतं, आम्ही पैसे दिलेत की. दिलेत. २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांसाठी. योजना निघाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार ठरले, त्यातले निवासाचे २० हजार. भागाकार करा. महिन्याला १६६६ रुपये. एवढ्यात पुण्यात खोली सोडा, कॉटसुद्धा नीट मिळत नाही. तरी पैशाचं रडगाणं मी आज गाणार नाही. दोन घरी ट्यूशन घेऊन साडेचार हजाराचं भाडं मी जमवलं होतं. डिपॉझिट मित्रांनी गोळा करून दिलं. पैसे खिशात होते. प्रश्न पैशाच्या पुढचा होता. सरकार खोलीचे पैसे देईल, खोली कोण देणार?

अकरा घरं पाहिली. मोजली म्हणून आकडा सांगतो. पहिल्याच घरी विचारलं, "गाव कुठलं?"

"बीड जिल्हा."

"बरं बरं. कोण म्हणायचं तुम्ही?"

"म्हणजे?"

"नाही, आमचं तसं काही नाही हो. आम्ही मानतच नाही. पण घरात देवधर्म आहे, म्हणून आपलं विचारलं."

जात विचारायची पण जातीचा शब्द ओठावर आणायचा नाही, ही या शहराची सुसंस्कृत रीत. कुणी आडनाव विचारतो. कुणी आडनावावरून पत्ता लागला नाही की वडलांचं नाव विचारतो. कुणी विचारतो, मटण-मच्छी खाता का. कुणी फोनवर खोली आहे म्हणतो आणि आपण जिना चढेपर्यंत ती खोली गेलेली असते. आणि हे फक्त पेठेतल्या वाड्यात होतं असं समजू नका. गुंठे विकून चाळ बांधलेल्या कालच्या शेतकऱ्यानंही मला तोच प्रश्न विचारला, फक्त आवाज जरा मोठा होता. सोबत खोली शोधणाऱ्या माझ्या मुसलमान मित्राचं काम तर आणखी सोपं होतं. त्याला कुणी आडनाव विचारलं नाही. नाव ऐकूनच दार लागलं.

बाराव्या घरी खोली मिळाली. कशी मिळाली ते लिहिण्यासाठीच हे सगळं लिहितोय.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. शेवटी 'कर' आहे. कुठल्याही जातीत खपतं. घरमालकीण काकू आडनाव ऐकून म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलेच." मी गप्प राहिलो. 'नाही' म्हणायला एक क्षण लागला असता. तो क्षण मी जाऊ दिला. अकरा महिन्यांच्या करारावर सही केली, किल्ली घेतली, पेटी आत ठेवली. पेटीत पुस्तकांच्या खाली मायनं दिलेला बाबासाहेबांचा फोटो होता. कपडे काढले, पुस्तकं काढली. फोटो काढला नाही. पेटीचं झाकण लावलं आणि वर बसून चहा प्यायलो. बरोबर वाचलंत. बाबासाहेबांना पेटीत कोंडून मी त्यांच्यावर बसून चहा प्यायलो.

दिवाळीत सगळी चाळ उजळली. मी नव्या खोलीत जुना पंखा पुसला, स्टोव्ह लावला, खिचडी केली. दिवाळी आपला सण नाही हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या घरानं १९५६ नंतर पणती लावलेली नाही. पण दिवाळी आपली नाही म्हणजे दिवाळीतलं एकटेपणही आपलं नाही, असं होत नाही. सगळं शहर आपापल्या माणसांत बसलेलं असतं तेव्हा ज्याला माणसं नाहीत त्याच्या पोटात कालवतंच. वैचारिक भूमिका स्पष्ट असून कालवतं. कॉम्रेडमंडळींनी हे कबूल करावं.

रात्री मायचा फोन आला. मुकादमाच्या पोराचा मोबाइल घेतला होता.

"जेवलास का रं?"

"जेवलो."

"खोली कशीय?"

"चांगलीय. तुमची कोपी?"

"झाली उभी. बांबू अन् ताडपत्री. खाली पाचट टाकलंय, ऊब येती. पहाटं तीनला उठावं लागतं, बाकी बरंय." मग म्हणाली, "भिताडाला खिळा हाय का?"

"आहे."

"मग फोटू लावला का?"

मी म्हणालो, "लावला."

ती म्हणाली, "आमच्या कोपीला भितच न्हाई. तुझ्या बानं बांबूला तारेनं बांधलाय. वाऱ्यानं हलतो, पर हाय."

फोन ठेवला आणि मी खिळ्याकडं बघत बसलो. ती दोघंही माझ्यासारखीच नव्या घरात गेली होती. पाच-सहा महिन्यांचं घर, परक्या मुलखात, मुकादमाच्या धाकात. त्यांच्या घराला भिंत नव्हती आणि फोटो होता. माझ्या घराला चार भिंती, एक खिळा, आणि फोटो पेटीत. शिकलेला कोण आणि गुलाम कोण, हे तुम्हीच ठरवा.

त्या रात्री मी स्वतःची समजूत घालायला इतिहास काढला. आपण शिकलेली माणसं, पळवाटसुद्धा ग्रंथातून शोधतो. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना कुणी जागा दिली नाही. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव लावून ते राहिले. मी मनाला म्हटलं, बघ, बाबासाहेबांनीसुद्धा नाव बदललं होतं. पण अर्धा इतिहास हा पूर्ण खोटेपणा असतो. पुढचं आठवा. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले. त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडं ते गेले. दोघांनीही सबबी सांगितल्या. कोलंबिया आणि लंडनला शिकलेला तो माणूस कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. पुढं जवळजवळ अठरा वर्षांनी त्यांनी हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं, परकं नाव घेतल्याच्या कबुलीसह. आणि घर बांधायची वेळ आली तेव्हा दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, पुस्तकांसाठी, उघड, स्वतःच्या नावानं. त्या राजगृहावरही जुलै २०२० मध्ये तोडफोड झालीच. म्हणजे नाव उघड केलं की दगड येतो हे खरं. पण नाव लपवलं की दगड येत नाही हे खोटं. तो अकराव्या दिवशी येतो, एवढाच फरक.

आता कायद्याचं बोलू. कारण आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, खोली ही मालकाची, त्यानं कुणाला द्यावी हा त्याचा प्रश्न. बिलकूल नाही. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याचं नाव १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा झालं, त्याचं कलम ४ उघडून वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला अटकाव करणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. हा दंड म्हणजे विनोद आहे, तरी गुन्हा तो गुन्हाच. पण घरमालक कधी म्हणतो का, की तू अस्पृश्य म्हणून देत नाही? तो म्हणतो, पुतण्या येणार आहे.

हा पुतण्या देशभर हिंडतो. २०१२ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत घरमालकांना फोन लावून, दारात जाऊन हे तपासलं. सवर्ण हिंदू नावाला खोली मिळते. दलित नावाला नकार येतो किंवा जाचक अटी येतात. मुसलमान नावाला नकार सगळ्यांत जास्त. दुसरीकडं २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सोसायटीला आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं, असा निकाल दिला. त्यामुळं वेस गेली, गावकूस गेलं, असं कुणी भाषणात म्हणालं की मला हसू येतं. गावकुसाला आता लिफ्ट आणि वॉचमन आहे.

पण मालकाला शिव्या देऊन हा लेख संपवणं सोपं आहे. मला आपल्याबद्दल बोलायचंय. आपल्यातलेच एक साहेब, मोठ्या हुद्द्यावरचे, मला म्हणाले, "आधी सेटल हो, मग चळवळ कर. फोटो मनात असला म्हणजे झालं." त्यांच्या फ्लॅटमध्ये फोटो मनातच आहे. हॉलमध्ये घोड्यांचं चित्र आहे. दुसरे एक नेते म्हणाले, "आपल्या वस्तीत राहा ना, कशाला त्यांच्या दारात जातोस?" आपल्या वस्तीत राहायला मला लाज नाही. पण हौसेनं राहणं वेगळं आणि दुसरीकडं दार बंद म्हणून राहणं वेगळं. कॉलेज जिथं, काम जिथं, तिथं भाडं भरून राहणं हा माझा हक्क आहे. महारवाडा मी गावात सोडला तो पुण्यात नव्यानं शोधायला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी फोटो लावला. खिळा मजबूत होता. दुपारी काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. चकल्या, करंज्या, चिवडा. दारातच त्यांची नजर भिंतीवर गेली. मी म्हणालो, "काकू, आम्ही बौद्ध. त्या दिवशी मी बोललो नाही, ती माझी चूक." त्या काहीच बोलल्या नाहीत. ताट खाली ठेवून गेल्या. करंज्या छान होत्या, खोटं कशाला बोलू. ताट घासून परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे तुमच्याकडंच." ते ताट आजही माझ्याकडं आहे.

डिसेंबरात पुतण्याचा निरोप आला. करार अकरा महिन्यांचा होता, म्हणालो. तर पाण्याचा नळ बंद झाला. महिनाभर खालून बादल्या आणल्या, मग परीक्षा जवळ आली तेव्हा सोडली खोली. पुतण्या आला नाही. जानेवारीत दारावर पाटी होती, खोली भाड्याने देणे आहे.

तक्रार मी केली नाही. नळ बंद झाला याला पुरावा काय, साक्षीदार कोण, एकटं पोरगं चौकीवर जाऊन काय सांगणार? इथंच आपली संघटना कामाला यायला हवी. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एक, खोली शोधायला पोराला एकट्याला पाठवू नका. तिघं-चौघं जा. नकार आला तर तारीख, पत्ता, मालकाचे शब्द वहीत लिहा, साक्षीदाराची सही घ्या. अशी वही प्रत्येक शाखेत ठेवा. पन्नास नकार एका वहीत आले की तो योगायोग राहत नाही, कलम ४ चा पुरावा होतो. दोन, ज्यांचे स्वतःचे फ्लॅट झालेत त्यांनी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत होस्टेलबाहेर पडलेल्या एका तरी पोराला, पोरीला जागा द्यावी. आपल्यालाही आणि मुसलमान मित्रालाही. चौदा एप्रिलच्या डीजेपेक्षा हे स्वस्त पडतं. तीन, सुट्टीत वसतिगृह बंद करायचं नाही, ही मागणी समाजकल्याणच्या दारात जाऊन रेटा. ज्यांचे आईबाप फडावर आहेत त्यांचं सुट्टीतलं घर वसतिगृहच आहे.

मार्चमध्ये पट्टा पडला, माय आणि बा गावी परतले. मी दोन दिवस जाऊन आलो. फोटो कोपीतून घरी आला होता, पुन्हा त्याच जागेवर. तारेचा एक कोपरा फ्रेमला रुतला होता. मायला मी सगळं सांगितलं, दिवाळीच्या रात्री खोटं बोललो तेही. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मला कळलं हुतं. तू लई पटकन 'लावला' म्हणलास."

सध्या मी दुसऱ्या खोलीत आहे. या वेळी आधी जात सांगितली, मग भाडं विचारलं. सात घरं लागली. सातही पत्ते वहीत आहेत.