दगडफूल हे बांडगूळ नव्हे




गतांकातील पत्रलेखकांनी दगडफुलास, अर्थात शैवाकास, वृक्षांचा रस शोषणारे बांडगूळ ठरवून ते खरवडून टाकण्याची शिफारस केली आहे, तिला माझी सक्त हरकत आहे. कवक आणि शैवल यांच्या सहवासातून शैवाक घडते, हे सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये प्रतिपादिले. त्यातील शैवल सूर्यप्रकाशात स्वतःच अन्न सिद्ध करीत असल्यामुळे वृक्षाची साल त्यास केवळ आधार पुरविते. गंधकयुक्त धुराने हवा दूषित झाली, की बहुतेक जाती नाहीशा होतात. म्हणून त्यांचे अस्तित्व हा शुद्ध हवेचा विश्वसनीय दाखलाच होय.

शैवाकांतील उस्निक आम्ल सर्वथा निरुपद्रवी औषध आहे, हे पत्रलेखकांचे दुसरे विधानही ग्राह्य नाही. ते अनेक जीवाणूंची वाढ रोखते, हे खरे. परंतु वजन घटविण्यासाठी ते पोटात घेणाऱ्यांच्या यकृतास गंभीर इजा झाल्याची नोंद वैद्यकीय दप्तरी आहे.

अनेक शैवाके वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. तेव्हा खरवडण्याचा सल्ला देण्यापूर्वी पुरती खातरजमा व्हावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक