लेकीकडे परदेशी जाताना पैसे कुठे बदलावेत?

हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या आणि मुळशीची कितीतरी मुले-मुली अमेरिका-जर्मनीला गेली. आता त्यांच्यामागून लेकीच्या, सुनेच्या बाळंतपणाला आया निघतात. डिंकाचे लाडू, मेतकूट, दुपटी यांची तयारी महिनाभर चालते. पैशांचे मात्र ‘विमानतळावर बघू’ म्हणून राहून जाते.

विमानतळावर पैसे बदलून मिळतात, हे खरे. पण भगिनींनो, सोनाराकडे घेताना एक भाव आणि मोडताना दुसरा, तसेच इथेही असते, आणि विमानतळावर ही तफावत बरीच मोठी असते. ‘कमिशन नाही’ अशी पाटी लावलेली असली तरी कमाई त्या तफावतीतच असते. समजा, डॉलर घेताना 92 रुपये मोजले आणि परत देताना 82 हाती आले, तर 200 डॉलरांमागे 2000 रुपये गेले. भाताच्या पोत्यामागे दहा रुपये कमी मिळाले तर आपण व्यापाऱ्याशी तासभर वाद घालतो!

म्हणून निघण्याआधी आठ-दहा दिवस पुण्यातल्या बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या दुकानात जावे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड सोबत न्यावे. रक्कम 50000 रुपयांच्या वर असेल तर ती खात्यातूनच द्यावी लागते. एका प्रवासाला 3000 डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. (1970 च्या सुमारास अवघे 8 डॉलर मिळत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.) ओळखीच्या माणसाकडून बाहेरच्या बाहेर डॉलर घेऊ नयेत. ते कायद्यात बसत नाही, आणि नोट खोटी निघाली तर दाद कुठे मागणार?

नोटा लहान मागाव्यात. जावई न्यायला येणार असले तरी थोडे पैसे आपल्या कनवटीला हवेतच. मधले विमान चुकले आणि रात्र विमानतळावर काढावी लागली, तर घोटभर चहासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

बँकेचे कार्ड असेल तर ते परदेशात चालेल असे आधी करून घ्यावे. तिकडच्या ए.टी.एम. यंत्राने ‘हिशेब रुपयांत करू का?’ असे विचारले तर नको म्हणावे. रुपयाचा भाव मग ते स्वतःच्या सोयीने लावते.

परतल्यावर उरलेले 2000 डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, वरचे 180 दिवसांत बँकेला द्यावेत. तिकडची नाणी इथे सहसा कुणी बदलून देत नाही. ती नातवंडाच्या गल्ल्यात टाकून यावे.