आवाज कोणाच्या मालकीचा?

नटाचा आवाज ही त्याची मालमत्ता होय की नव्हे, हा प्रश्न १९५९ साली इंग्लंडच्या न्यायालयापुढे आला होता. वादी होते विख्यात विनोदी चरित्रनट अ‍ॅलिस्टर सिम. हाइंझ कंपनीच्या डबाबंद खाद्यपदार्थांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत रॉन मूडी या दुसऱ्या नटाने सिम यांच्या आवाजाची नक्कल केली होती. आपला आवाज आपण जाहिरातीसाठी विकला, असा लोकांचा समज होईल, ही सिम यांची तक्रार. दुसऱ्याचा आवाज त्याच्या संमतीवाचून व्यापारी लाभासाठी वापरता येत असेल, तर तो कायद्यातील गंभीर दोष ठरेल, असे न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी बोलून दाखविले. परंतु तातडीचा मनाई हुकूम मात्र दिला नाही. अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला.

हा आवाज सिम यांना फुकटात लाभलेला नव्हता. १९०० साली एडिंबरोत एका शिंप्याच्या घरी जन्मलेले हे गृहस्थ १९२५ पासून तेथील न्यू कॉलेजात भावी धर्मोपदेशकांना वक्तृत्व शिकवीत होते. व्यावसायिक रंगभूमीवर त्यांनी पाऊल टाकले ते १९३० साली, वयाच्या तिशीत. शब्द कोठे थांबवावा आणि कोठे सोडावा, हे जो दुसऱ्यास शिकवितो त्यालाच ते खरे उमगते, असे वर्गात काही वर्षे घालविलेल्या आम्हांस वाटते. १९५० सालच्या ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युवर लाइफ’मधील त्रस्त मुख्याध्यापक, १९५१ सालचा कृपण स्क्रूज, १९५४ साली सेंट ट्रिनियन्सची मुख्याध्यापिका आणि तिचा भाऊ या दोन्ही भूमिका: एकाच कंठातून धाक, कारुण्य आणि लबाडी ते लीलया उमटवीत.

नक्कल ही जुनी कला आहे, तिला बंदी घातल्यास विनोदच मरेल, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. बहुरूप्याला कोणी चोर म्हणत नाही, कारण तो समोर उभा असतो आणि सोंग हे सोंग म्हणूनच दाखवितो. मूडी हेही थोर कलावंत होते, पुढे ‘ऑलिव्हर!’मधील फॅगिनच्या भूमिकेने ते अजरामर झाले. दोष नकलेचा नव्हे. नकलाकाराला पडद्याआड ठेवून दुसऱ्याच्या पतीवर माल खपविण्याचा आहे.

आज तर नकलाकाराचीही गरज उरलेली नाही. यंत्र काही क्षणांच्या ध्वनिमुद्रणावरून कोणाचाही आवाज काढते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली गायक अरिजित सिंग यांच्या आवाजास अंतरिम संरक्षण दिले, हे स्वागतार्हच होय. परंतु कीर्तिवंताला वकील मिळतो. पडद्यामागे राहून दुसऱ्यांच्या तोंडी आपला आवाज देणाऱ्या अनाम कलावंताने कोणाच्या दारी जावे? लेखी संमती व मोबदला यांवाचून आवाजाचा व्यापारी वापर करता येणार नाही, असा स्पष्ट कायदाच हवा.

सिम यांनी चाहत्यांना स्वाक्षरी देण्याचे टाळले, पुढे ‘सर’ ही पदवीही नाकारली. आपले काय द्यावे आणि काय देऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी १९७६ साली मृत्यू येईपर्यंत जपला. तोच अधिकार प्रत्येक कंठास मिळाला पाहिजे.