तळे राखील तो…

आदिलाबादहून निर्मलकडे निघाले की थोड्याच अंतरावर मावला लागते. तेथे बांध घालून अडविलेला तलाव आहे आणि महामार्गालगत वन खात्याने उभारलेले उद्यान आहे. सुटीच्या दिवशी डबे बांधून सहकुटुंब तेथे जाणाऱ्यांकडे पाहून कोणी नाके मुरडू नयेत. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथे सावली आणि पाणी ही चैन नव्हे. धनिकांस थंड हवेची ठिकाणे असतात. शिक्षकास आणि जिनिंगमधल्या कामगारास गावाजवळचे तळे हाच विसावा असतो.

गोमंतकीय वाचकास हा जिल्हा दूरचा वाटेल. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत त्यातून किनवट आणि राजुरा मराठी मुलखात आले. तरी मराठी बोलणारी कितीतरी कुटुंबे सीमेपलीकडेच राहिली. परंतु तेथील तळ्याची आम्हांस आठवण झाली ती केवळ भाषेच्या नात्याने नव्हे. तळ्याचे विहारस्थळ करण्याची हौस आज सर्वत्र बळावली आहे, आणि तिच्यातील धोका सर्वत्र सारखाच आहे.

तेलंगण सरकारने २०१५ साली ‘मिशन काकतीय’ योजना हाती घेतली. ४६ हजारांहून अधिक तलावांचा गाळ काढावा, बांध आणि मोऱ्या दुरुस्त कराव्यात, हा तिचा हेतू स्तुत्य होता. त्याच ओघात हैदराबादच्या टँक बंडाच्या धर्तीवर गावोगावच्या बांधांवर फरशा, बाके आणि दिवे आले. पण ज्याचा कित्ता गिरवायचा, त्या हुसेन सागराची आजची स्थिती काय आहे? कुतुबशाहीत, सोळाव्या शतकात बांधलेल्या या तलावाने एके काळी शहराची तहान भागविली. १९९२ साली त्याच्या मध्यभागी भव्य बुद्धमूर्ती उभी राहिली, काठावर उद्याने आली. पाणी मात्र सांडपाण्याने नासले.

येथेच मूळ प्रश्न आहे. तलाव हे भरण्याइतकेच रिते होण्यासाठी बांधलेले असते. उन्हाळ्यात त्याचे पाणी ओसरते, तळ उघडा पडतो, शेतकरी गाळ काढून शेतात नेतो आणि पहिल्या पावसास जागा मोकळी होते. आमच्या करमळीच्या तळ्याचे पाणी मोऱ्यांवाटे सोडून त्याच्या पोटात भातशेती करण्याची परंपरा होती, हे जुन्या मंडळींस ठाऊक आहे. विहारस्थळास मात्र तळे बारमाही भरलेले हवे असते. होडीवाल्यास ओसरलेले पाणी परवडत नाही, आणि फिरावयास येणाऱ्यास चिखल रुचत नाही. मग पाणी येण्याचे ओहोळ आणि जादा पाणी जाण्याचा सांडवा यांकडे पाहण्याची कोणास गरज वाटत नाही. कारण ते छायाचित्रात येत नाहीत.

त्याची किंमत नागपूरने मोजली आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली. सांडव्यालगत उभारलेल्या स्मारकामुळे पाण्याची वाट अडली, ही नागरिकांची तक्रार उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली. स्मारक कोणाचे, हा प्रश्न गौण आहे. पाणी थोरामोठ्यांच्या नावास मान देत नाही. ते उतार तेवढा ओळखते.

तलावांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी जुलै २०२४ मध्ये तेलंगणात ‘हायड्रा’ ही यंत्रणा स्थापन झाली. पण तिची हद्द राजधानीच्या परिसरापुरती. जिल्ह्याच्या गावांनी आपल्या तळ्यांची राखण स्वतःच करावयाची आहे. म्हणून आदिलाबादच्याच काय, पण आमच्याही नगरपित्यांस आमचे सांगणे एवढेच: नव्या कारंज्याचा ठराव मांडण्यापूर्वी पूर्ण जलपातळीच्या रेषेवर हद्दीचे दगड रोवा, ओहोळ मोकळे करा, सांडव्यासमोर वीटही रचू नका आणि गटाराचे तोंड दुसरीकडे वळवा. त्यानंतर खुशाल बाके मांडा.

तळे राखील तो पाणी चाखील, असे आपले पूर्वज म्हणत. काठ राखणाराला हे फळ सांगितलेले नाही.